जुळे सोलापूर, हॉल ११ बाय १७, पीओपी व्हायच्या आत सांगा: एव्ही रिसिव्हर कुठला आणि वायरी कशा टाकू?

जुळेसोलापूरकर

नमस्कार मंडळी. फ्लॅटचं काम चालूय, हॉल अकरा बाय सतरा फूट, एका अंगाला बाल्कनीचा काचेचा सरकता दरवाजा आणि दुसऱ्या अंगाला किचन उघडंच, मध्ये भिंत नाय. पीओपीवाला पुढच्या आठवड्यात यायलाय आणि तो म्हणतोय स्पीकरच्या वायरी कुठून न्यायच्या ते आत्ताच सांगा, नंतर छत फोडायला मी येणार नाय. म्हणून घाईत विचारायलोय.

साधं ५.१ करायचंय, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर, आणि त्या सगळ्यांना आवाज देणारा मधला डबा म्हणजे एव्ही रिसिव्हर. टीव्ही ५५ इंची आहे, एका एचडीएमआय पोर्टावर एआरसी (टीव्हीचा आवाज त्याच वायरीतून रिसिव्हरकडं परत पाठवायची सोय) लिहिलंय, त्याच्या पुढचं ईएआरसी नाय. बघणं म्हणजे नेटफ्लिक्स, हॉटस्टार, क्रिकेटसाठी केबल, आणि भाचा आला की त्याचा पीएस ५. अण्णांना सकाळी मोबाईलवरून भजनं लावायची असतात, त्यांना चार रिमोट हातात दिले तर ते परत जुना रेडिओ काढतील. आईची एकच तक्रार, लोक काय बोलायलेत ते कळत नाय आणि मारामारी आली की कानठळ्या बसतात.

सगळं धरून लाखाच्या आत बसवायचंय. गावात एका दुकानात गेलो तर तो म्हणला हे घ्या मालक, हजार वॉटचं आहे. दुसऱ्याकडं गेलो तर तो ऐंशी वॉटचा रिसिव्हर दाखवायलाय आणि किंमत तिप्पट, वर म्हणतोय हाच भारी. डोकंच चालेना. घरात जुनं डीव्हीडीवालं होम थिएटर पडलंय, त्याचे पाच स्पीकर आणि वूफर चालतील का नव्या रिसिव्हरला? गड्ड्याच्या यात्रेच्या आत राहायला जायचंय, तेवढ्यात आवाज चालू झाला पाहिजे.

हुतात्माची_खिडकी

साऊंडबार घे की बे आणि मोकळा हो. एक वायर, एक रिमोट. उगं पाच स्पीकर, दहा वायरी, वर घरच्यांच्या शिव्या.

मधली_सीट

साऊंडबारला नावं ठेवत नाही, पण हॉल अजून उघडा पडलाय, भिंतीतून वायर नेता येतीये, अशी संधी परत येत नाही. आत्ता पाइप टाकून ठेव, मग हवं तर वर्षभर साऊंडबार वापर.

आणि या आठवड्यापुरता रिसिव्हर विसरच. तो पुढच्या महिन्यात घेतलास तरी चालतंय, पाच-सात वर्षांनी माणूस तो बदलतोसुद्धा, भिंतीतली वायर मात्र एकदाच जाते. तुला आज ठरवायचंय ते एवढंच की सोफा कुठं, टीव्ही कुठं आणि पाच स्पीकर कुठं. सोफ्यावर मधोमध बसलास की पुढचे डावा-उजवा टीव्हीच्या दोन्ही बाजूंना नाकासमोरच्या रेषेपासून २२ ते ३० अंशांत, सेंटर म्हणजे मधला स्पीकर टीव्हीच्या खाली, आणि मागचे दोन म्हणजे सराऊंड तुझ्या कानांच्या रेषेत किंवा थोडे मागं, ९० ते ११० अंशांच्या आसपास, बसल्यावर कान येतात त्याच्या एक-दोन फूट वर. आपल्याकडं लोक सराऊंड थेट छताच्या कोपऱ्यात ठोकतात, लग्नाच्या हॉलमध्ये असतात तसे, तसं करू नको. तुझी अडचण किचनच्या बाजूची, तिकडं भिंतच नाही. मग दोन्ही सराऊंड मागच्या भिंतीवर डाव्या-उजव्या टोकांना घे आणि ब्रॅकेटवर थोडे आत वळव. एक बाजूच्या भिंतीवर आणि एक मागं असं नको, दोन्ही सारखेच असले पाहिजेत. आणि सोफा मागच्या भिंतीला चिकटवू नको, फूटभर जरी पुढं आला तरी फरक पडतो.

आता हजार वॉट. तो आकडा खोक्यावर छापायला असतो. वॉट वाचताना त्याच्या शेजारची बारीक अक्षरं वाचायची: किती ओहमवर (ओहम म्हणजे स्पीकरचा विद्युत रोध) मोजलंय, एका वेळी किती चॅनल चालू होते, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर, आणि डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज फाटणं, किती. डेनॉनचा एव्हीआर-एक्स१७००एच बघ, एकीकडं ८० वॉट लिहिलेला दिसेल आणि दुसरीकडं १४५. ८० म्हणजे ८ ओहमवर, दोन चॅनल चालू ठेवून, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झच्या पूर्ण पट्ट्यात, ०.०८ टक्के डिस्टॉर्शनला. १४५ म्हणजे ६ ओहमवर, एकच चॅनल, १ किलोहर्ट्झचा एकच सूर, १ टक्क्याला. मशीन तेच, मोजपट्टी वेगळी. आणि हजारवाले बहुतेक वेळा १० टक्के डिस्टॉर्शनला मोजून सगळ्या चॅनलांची बेरीज करतात, म्हणजे फाटलेला आवाज पाच-सहा वेळा मोजला.

तुला किती लागतात याचा हिशोब सोपा आहे. ८८ डीबी (डेसिबल) सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर १ वॉटला १ मीटरवर ८८ डीबी देतो. तू बसणार दहा-अकरा फुटांवर, तिथपर्यंत साधारण १० डीबी गळतात, बंद खोलीत त्याहून थोडे कमीच. म्हणजे १ वॉटला ७८, १० वॉटला ८८, १०० वॉटला ९८, आणि हे एका स्पीकरचं. आई तुला ८० च्या वर जाऊ देणार का ते तूच बघ. ऐंशीचे एकशेसाठ वॉट केलेस तर वर मिळतात फक्त ३ डीबी, कानाला जेमतेम जाणवतील एवढे. कान दुप्पट मोठं म्हणतो ते साधारण १० डीबीला. त्यामुळं वॉटांवर पैसे घालू नको.

बघायचं ते हे: एचडीएमआय इनपुट किती, माइक लावून ऑटो सेटिंग करतो का, आणि ब्लूटूथ आहे का, कारण अण्णा. यामाहाचा आरएक्स-व्ही३८५ सरळ ५.१ आहे, चार एचडीएमआय इनपुट, ब्लूटूथ, वायपीएओ म्हणजे यामाहाच्या ऑटो सेटिंगचा माइक बॉक्समध्येच, वायफाय मात्र नाही. डेनॉनचा वर सांगितलेला ७.२ आहे, म्हणजे सात स्पीकर आणि दोन सब, ईएआरसी, वायफाय, ऑडिसीचं मल्टइक्यू एक्सटी नावाचं ऑटो सेटिंग, सगळं आहे पण तुझ्या लाखातला मोठा लचका तोच तोडेल. मी तुझ्या जागी असतो तर यामाहा घेतला असता आणि उरलेले पैसे सेंटर आणि सबवूफरमध्ये घातले असते. भाव रोज हलतात, ते फोन करूनच विचार, सोलापुरात डेमो मिळाला नाही तर पुण्याला किंवा हैदराबादला जाऊन ऐकून ये, ऐकल्याशिवाय स्पीकर घेऊ नको.

तुझ्या टीव्हीला नुसतं एआरसी आहे म्हणून काही अडत नाही. नेटफ्लिक्स, हॉटस्टारचा आवाज डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये येतो आणि बहुतेक टीव्ही तो एआरसीवरून सोडतात. ईएआरसी लागतं ते ब्लू-रेच्या ट्रूएचडीसारख्या आवाजाला आणि मल्टिचॅनल पीसीएमला, म्हणजे न दाबलेल्या आवाजाला. पीएस ५ टीव्हीत न लावता सरळ रिसिव्हरमध्ये लाव, मग एआरसीचा प्रश्नच येत नाही. भाच्याला १२० फ्रेमवर खेळायचं असेल तर मात्र रिसिव्हरचं एचडीएमआय तेवढं सोडतं का ते बघून घे, यामाहाचा तो मॉडेल सोडत नाही. तेव्हा पीएस ५ टीव्हीला लाव आणि आवाज डॉल्बीवर ठेव.

जुने स्पीकर विसर. तसल्या सेटचे स्पीकर बरेचदा ३-४ ओहमचे असतात, रिसिव्हरला ६ ते ८ बरे. आणि त्यातला वूफर पॅसिव्ह असतो, त्याला स्वतःचा अॅम्प नाही. रिसिव्हरच्या सबवूफर आउटमधून नुसता सिग्नल येतो, पॉवर येत नाही, त्याला अॅम्प आत असलेला अॅक्टिव्ह सबच लागतो.

पक्कं_अर्थिंग

नमस्कार. मी लाईनचं काम करतो, अक्कलकोट रोडला राहतो. वरच्या भाऊंनी बरोबर सांगितलंय, आता माझं ऐका, कारण पीओपीवाला फक्त छत बघतो, वायर त्याचा विषय नाय.

स्पीकरची पाइप वेगळी. लाइट-पंख्याच्या पाइपमध्ये स्पीकरची वायर घालायची नाय, शेजारून लांबपर्यंत समांतर पण न्यायची नाय, ओलांडायचीच असली तर काटकोनात. वायर मल्टीस्ट्रँड तांब्याची. टीव्हीपासून मागच्या भिंतीपर्यंत वरून-खालून फिरून तुमचं चाळीस फुटाच्या आसपास जाईल, त्याला दीड एमएमची दोन कोर पुरते. बारा मीटर लांबी, जाऊन येऊन चोवीस, त्याचा रेझिस्टन्स पाव ओहमच्या थोडा वर जातोय, ८ ओहमच्या स्पीकरला चालतंय. ४ ओहमचे घेणार असाल तर अडीच एमएम घाला. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर स्पीकर वायर म्हणून विकायलेत, वजनाला हलकी लागते, ब्लेडनं तार खरवडा, आतून पांढरी निघाली की परत करा.

टीव्हीच्या मागून खालच्या युनिटपर्यंत दीड-दोन इंची पाइप टाका, एक इंचीतून एचडीएमआयचं डोकं अडकतंय आणि मग लोक केबल कापून जोडायला सांगतात, ते होत नसतंय. बेंड मोठे घ्या, एल्बो नको. प्रत्येक पाइपमध्ये एक नायलॉनची दोरी जास्तीची सोडून ठेवा, उद्या काय ओढायचं झालं तर तीच कामाला येते. दोन्ही टोकांना चिकटपट्टीवर पेननं लिहा कुठली वायर कुठं. आणि पीओपी मारायच्या आधी सगळ्या भिंतींचे आणि छताचे फोटो काढा, टेप लावून काढा, म्हणजे उद्या ड्रिल मारताना कळतंय.

सबवूफरसाठी दोन जागी प्लग पॉइंट आणि एक-एक रिकामी पाइप ठेवा, एक टीव्हीजवळ, एक सोफ्याच्या बाजूला. तो कुठं चांगला वाजेल ते बसवल्याशिवाय कळत नाय.

अर्थिंग तपासा. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर लावला तर एक-दोन व्होल्टच्या आत पाहिजे, जास्त दाखवलं तर बिल्डिंगचा अर्थ कमजोर आहे किंवा कुठं काय सैल आहे, ते आधी करून घ्या. स्पाइकगार्डवर भरवसा ठेवू नका, आपल्याकडं लाइट गेल्यावर परत येताना व्होल्टेज वर जातंय आणि बराच वेळ तिथंच राहतंय, त्याला स्टॅबिलायझर किंवा जास्त व्होल्टेजला लाइन तोडणारा प्रोटेक्टर लागतो. इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर प्युअर साइनवेव्ह.

जुळेसोलापूरकर

लई उपकार झाले ओ. काका, पाइपचं आजच सांगतो त्याला. @मधली_सीट दादा, एकच शंका. छत उघडंच आहे तर अॅटमॉससाठी, म्हणजे डोक्यावरून येणाऱ्या आवाजासाठी, वर दोन स्पीकर टाकू का? पीओपीवाला म्हणतोय कटआउट आत्ताच देतो.

गच्चीवरचा_प्रोजेक्टर

टाक! डोळे झाकून टाक. अॅटमॉस २०१२ पासून थिएटरात आहे, आता नेटफ्लिक्स, हॉटस्टारवर कितीतरी गोष्टी त्यात येतात, डॉल्बी डिजिटल प्लसमध्येच बसवलेलं असतं, तुझ्या एआरसीवरून पण येऊ शकतं. पाऊस पडला, हेलिकॉप्टर गेलं, आवाज डोक्यावरून जातो ओ. नंतर माणूस पस्तावतो वर वायर टाकली नाही म्हणून. ५.१.२ कर, म्हणजे ५.१ वर छतातले दोन, डेनॉन घे, सात अॅम्प आहेतच त्यात. खालून आवाज छतावर आपटवून परत आणणारे स्पीकर घेऊ नको, त्यांना सपाट कडक छत लागतं आणि तुझ्या पीओपीत तर दिवे, कोव्ह, काय काय असणार.

मधली_सीट

वायर टाक, स्पीकर नको. मी यावर भांडायला तयार आहे.

लाखात ५.१.२ करायचं म्हटलं की प्रत्येक गोष्टीतून पैसे कापावे लागतात आणि सगळ्यात आधी कापला जातो सेंटर किंवा सब. आईचं दुखणं आहे बोललेलं कळत नाही, आणि सिनेमातलं जवळजवळ सगळं बोलणं सेंटरमधून येतं. छतातून महिन्यातून दोनदा पाऊस पडेल म्हणून रोजचे संवाद स्वस्त सेंटरवर सोडायचे? शिवाय नेटफ्लिक्सवर अॅटमॉस सगळ्यात महागाच्या प्लॅनमध्येच मिळतं, तो तुझ्याकडं आहे का ते आधी बघ.

वायर मात्र नक्की टाक, सोफ्याच्या किंचित पुढं, डावी-उजवी, पुढच्या स्पीकरांच्या सरळ रेषेत. कटआउट देऊ नको, वायर गुंडाळून वर ठेव आणि फोटोत टेप लावून जागा टिपून ठेव. उद्या ७ चॅनलचा रिसिव्हर आला की तेव्हा भोक पाडता येतं.

गच्चीवरचा_प्रोजेक्टर

महिन्यातून दोनदा हे काही खरं नाही, पण वायर टाकायची हे तर तुम्ही पण मान्य केलंत, माझं काम झालं 😄

टॉवेलवाली

तुम्ही सगळे मशीनवरच बोलायलात, हॉल कसा आहे ते कुणी बघितलं का? काचेचा दरवाजा, व्हिट्रीफाइड फरशी, वर पीओपी, उघड्या भिंती. टाळी वाजवून बघा दादा, रिकाम्या हॉलमध्ये टण्ण करून घुमेल. बोललेलं न कळण्यात त्याचा पण मोठा हात असतो, शब्दाच्या शेपटावर पुढचा शब्द चढतो.

आपण सोलापूरचे, जाड कापडाला काय तोटा. आमचं टेरी टॉवेलचंच काम आहे म्हणून सांगते, चार इंच खोल लाकडी चौकटीत टॉवेल घड्या घालून भरायचे, सेकंडचा माल किलोवर मिळतो तो चालतो, वर एखादी चांगली चादर ताणून ठोकायची. भिंतीपासून दोन इंच पोकळी सोडून टांगायचं. पुढच्या स्पीकरचा आवाज बाजूच्या भिंतीवर जिथं आपटून कानाकडं येतो तिथं लावायचं. ती जागा शोधायला एकानं सोफ्यावर बसायचं, दुसऱ्यानं भिंतीवर आरसा सरकवत न्यायचा, आरशात स्पीकर दिसला की तीच जागा. तुमच्या दोन बाजूंपैकी एक काच आहे, तिथं जाड पडदा, खिडकीच्या दुप्पट रुंदीचा, म्हणजे चुण्या पडतात. सोफ्यापुढं जाड सतरंजी किंवा गालिचा.

नुसती एक चादर भिंतीला चिकटवून काही होत नाही, ती फक्त वरची किणकिण खाते. आणि टॉवेल असो नाहीतर काही, बास यानं जात नाही. बासला जागा बदलणं हाच उपाय.

हुतात्माची_खिडकी

हॉलमध्ये चादरी टांगा म्हणे. कुणाच्या घरात कोण ऐकतंय ओ ताई.

टॉवेलवाली

वाघाचं, मोराचं डिझाइन असलेली लावा, पाहुणे कौतुक करतील. 😀

जुळेसोलापूरकर

मंडळी, बसलं सगळं! गड्डा पण झाला, राहायला पण आलो. शेवटी यामाहाचाच ३८५ घेतला, पुण्याहून स्पीकर ऐकून आणले, सब दहा इंची. वरच्या दोन वायरी गुंडाळून ठेवल्यात. आईनं मोराची चादर लावू दिली, टॉवेलची चौकट मात्र एकच, सोफ्याच्या डावीकडं.

पण तीन गोष्टी. पहिली, टीव्हीवरून नेटफ्लिक्स लावलं की आवाज समोरच्या दोन स्पीकरमधूनच येतोय, मागचे गप्प, डिस्प्लेवर पीसीएम लिहून येतंय. दुसरी, माइक लावून सेटिंग केलं तर त्यानं पुढच्या स्पीकरांना लार्ज करून टाकलं आणि सबचं अंतर पंधरा फूट दाखवायलाय, सब तर सात फुटावर आहे. तिसरी, सबमधून सतत घुंऽऽ असा आवाज, काही लावलं नसलं तरी.

मधली_सीट

पहिली गोष्ट टीव्हीतली आहे. टीव्हीच्या साऊंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएमवर असेल, ते बिटस्ट्रीम, पासथ्रू किंवा ऑटो, जे नाव असेल त्यावर कर. एआरसीवरून पीसीएम फक्त दोन चॅनलचं जातं म्हणून मागचे गप्प. आणि तिथंच सीईसी चालू कर, सॅमसंगला त्याला एनीनेट प्लस म्हणतात, एलजीला सिमलिंक, सोनीला ब्राव्हिया सिंक. मग टीव्हीचा रिमोट रिसिव्हरचा आवाज वाढवतो-कमी करतो. अण्णांचा मोबाईल ब्लूटूथला एकदा जोडून ठेव, एखाद्या सीन बटणावर ब्लूटूथ सेव्ह कर, त्यांना तेच एक बटण दाखव.

दुसरी. लार्ज आलं तर स्मॉल कर, सगळे. स्मॉल म्हणजे स्पीकर छोटा असा अपमान नाही, खालचा बास त्याच्याकडून काढून सबला द्यायचा एवढाच अर्थ. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा बास सबकडं जातो ती सीमा, ८० हर्ट्झपासून सुरू कर, सराऊंड फारच लहान असतील तर १०० किंवा १२०. सबच्या मागं क्रॉसओव्हरचं नॉब असतं ते शेवटपर्यंत वर फिरव किंवा एलएफईवर ठेव, नाहीतर दोन गाळण्या एकावर एक लागतात आणि मधला बास गायब होतो. सबचं अंतर जे दाखवतंय ते तसंच ठेव, बदलू नको. सबच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्समुळं आवाजाला उशीर होतो, माइक तो उशीर अंतर म्हणून मोजतो आणि त्याप्रमाणं बाकीच्यांना थांबवतो. बाकी स्पीकरांची अंतरं मात्र टेपशी साधारण जुळली पाहिजेत, एखादं भलतंच आलं असेल तर त्या वेळी काहीतरी आवाज झाला असणार.

म्हणजे माइकचं सेटिंग परत कर, आणि नीट कर. पंखा बंद, फ्रिज किचनमध्येच उघडा आहे तर तो पण तेवढ्यापुरता बंद, खिडकी बंद, सगळ्यांना बाहेर काढ. उकडेल, उकडू दे. माइक सोफ्याच्या पाठीला टेकवायचा नाही, मोबाईलच्या ट्रायपॉडवर कानांच्या उंचीला, तू जिथं डोकं ठेवतोस तिथंच. त्यानं रिव्हर्स किंवा फेज असं काही दाखवलं तर आधी वायरीचं प्लस-मायनस बघ. स्पीकरच्या वायरीची दोन टोकं रिसिव्हरमधून सोडवून टॉर्चच्या दीड व्होल्टच्या सेलला क्षणभर टेकव, प्लसला प्लस असेल तर कोन बाहेर येतो. बरोबर असूनही मशीन कधीकधी तक्रार करतं, मग दुर्लक्ष कर.

सगळं झाल्यावर सेंटर २-३ डीबी वाढव, कानाच्या उंचीला येईल असा थोडा वर तिरपा कर, युनिटच्या कडेपर्यंत पुढं ओढ. आणि रात्री डायनॅमिक रेंज मिनिमम किंवा ऑटोवर ठेव, म्हणजे बोलणं वर येतं आणि स्फोट खाली बसतात. आईचं काम तिथंच होतं.

आणि रिसिव्हर कुठं ठेवलास? युनिटच्या बंद कप्प्यात असेल तर मे महिन्यात तो स्वतःहून बंद पडायला लागेल. वर सहा इंच तरी मोकळी जागा, मागची फळी काढून टाक.

जुळेसोलापूरकर

बंदच कप्प्यात आहे ओ, सुतारानं तसाच केलाय. काढतो फळी. बिटस्ट्रीम केलं, मागचे बोलायले! घुंऽऽ मात्र तसाच.

पक्कं_अर्थिंग

सबची आरसीए वायर, म्हणजे रिसिव्हरकडून येणारी सिग्नलची वायर, सबमधून काढा. आवाज गेला तर सब चांगला आहे, घुरघुर बाहेरून यायलीय. गेला नाय तर सबच्या आतच काहीतरी आहे, वॉरंटीत दाखवा.

गेला असेल तर वायर परत लावा आणि सेट टॉप बॉक्सला येणारी केबलवाल्याची वायर काढून बघा. शंभरातल्या नव्वद ठिकाणी तीच असते असं माझं मत. ती वायर खांबावरून दुसऱ्याच कुठल्या तरी अर्थला जोडून आलेली असते, तुमचा अर्थ वेगळा, दोघांच्या मधून करंट वाहतो आणि ५० हर्ट्झचं गुणगुणणं सबमध्ये येतं.

जुळेसोलापूरकर

काका, केबलची वायर काढली आणि एकदम शांत! म्हणजे आता काय, क्रिकेट बघायचं नाय? मित्र म्हणतोय रिसिव्हरची अर्थची पिन काढून टाक, आवाज जातोय.

पक्कं_अर्थिंग

अर्थची पिन कुणाच्याही सांगण्यावरून काढायची नाय, मशीनची नाय, सबची नाय, प्लगातून नाय, बोर्डातून नाय. आत फॉल्ट झाला तर बॉडीवर करंट येईल आणि अण्णा सकाळी भजन लावायला हात लावतील.

केबलच्या वायरीत मध्ये लावायचा ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो, छोटा असतो, दोन्ही बाजूंना एफ कनेक्टर, म्हणजे केबलवाल्याच्या वायरीचं पेचाचं टोक बसतं तसलं. तो बॉक्सच्या आधी लावा. घेताना सांगा टीव्हीच्या केबलसाठी पाहिजे, ऑडिओचा देतील नाहीतर. आणि टीव्ही, बॉक्स, रिसिव्हर, सब सगळे एकाच बोर्डावर घ्या. न्यूट्रल-अर्थ मोजलं होतं का? किती आलं?

जुळेसोलापूरकर

हॉलमध्ये दीड आलं, सोफ्यामागच्या पॉइंटला सहा.

पक्कं_अर्थिंग

सोफ्यामागच्या पॉइंटला काहीतरी सैल आहे. मेन बंद करून बोर्ड उघडायला लावा, अर्थ आणि न्यूट्रल दोन्हीचे स्क्रू बघायला सांगा. तोपर्यंत सब टीव्हीजवळच्या पॉइंटवरच ठेवा.